शनिवारी आई-मावशीला एखादं जुनं घर दाखवायचंय आणि मग निवांत चहा, कुठे नेऊ?

कोथरूडची_लेक
नागपूरहून मावशी पुण्यात आलीये, शनिवारी तिला आणि आईला घेऊन बाहेर पडायचंय. दोघींची फर्माईश अशी की देऊळ नको, मॉल तर नकोच, एखादं जुनं घर बघायचं जिथे कोणीतरी खरंच राहून गेलंय, आणि मग चारच्या सुमारास कुठेतरी टेकून नीट चहा प्यायचा. शनिवारवाडा मावशीनेच बाद केला, म्हणे १८२८ च्या आगीनंतर तिथे तट, दरवाजे आणि जोती राहिलीत, घर कुठाय त्यात? (इतिहासाची रिटायर्ड शिक्षिका आहे, थापा चालत नाहीत.) आईचे गुडघे दुखतात त्यामुळे उंच जिने नकोत. गाडी आहे पण पेठेत पार्किंग शोधत गोल गोल फिरायची माझी अजिबात तयारी नाही. सांगा पटापट.

भाऊ_सदाशिवपेठ
विश्रामबागवाडा. दुसऱ्या बाजीरावाचा, १८०७ चा. गाडी घरीच ठेवा, मेट्रोने मंडई स्टेशनला उतरा आणि चालत या. रस्त्यावरून दिसणारा तो लाकडी सज्जा आणि आतले सुरूच्या आकाराचे लाकडी खांब बघितले की कळतं सुतारकाम कशाला म्हणतात. मावशींना अजून एक सांगा, पेशवाई गेल्यावर १८२१ मध्ये इंग्रजांनी याच वाड्यात संस्कृत पाठशाळा काढली, पुढे १८७९ मध्ये आगीत बराच भाग गेला आणि तो पुन्हा उभा केला, म्हणजे बघताना जुनं कुठलं आणि नंतरचं कुठलं हे शोधायला मजा येते. फक्त वरच्या मजल्याला जिना आहे हो, आईंसाठी ते बघा. आणि डागडुजी चालू असली तर आतला काही भाग बंद असतो, आधी चौकशी केलेली बरी.

नगररोडवाला
भाऊ, गुडघे म्हटलंय तिने आणि तुम्ही जिना दाखवताय 😄
माझं मत आगाखान पॅलेस. वनाझवरून मेट्रो पकडा, थेट कल्याणीनगर, तिथून रिक्षा. नाव पॅलेस असलं तरी बघायचंय ते कैदेचं घर. तिसऱ्या आगाखानांनी १८९२ मध्ये बांधला, दुष्काळात आजूबाजूच्या लोकांना काम मिळावं म्हणून, पण लोक जातात ते पुढच्या गोष्टीसाठी. ऑगस्ट १९४२ मध्ये छोडो भारतच्या वेळी गांधीजींना इथे आणून ठेवलं, बरोबर महादेवभाई देसाई, सरोजिनी नायडू, मीराबेन, थोड्याच दिवसांत कस्तुरबा. महादेवभाई आठवड्याच्या आत गेले, १५ ऑगस्ट १९४२, ही तारीख वाचताना दरवेळी कसंतरी होतं, बरोबर पाच वर्षांनी काय होणार होतं बघा. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी २१ दिवसांचं उपोषण केलं ते इथेच. आणि २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबाही इथेच गेल्या. मे मध्ये गांधीजी सुटले तेव्हा बायको आणि मुलासारखा सेक्रेटरी दोघांच्या समाध्या मागे ठेवून निघाले. त्या समाध्या आवारात मागच्या बाजूला आहेत, तिथे नक्की जा, बरेच लोक पुढच्या लॉनवर फोटो काढून परत फिरतात. रुंद व्हरांडा आहे, झाडं आहेत, आईंना मधेमधे बसता येईल.

मिरची_भजी
पॅलेस छान आहे, वाद नाही. पण प्रश्नात "घर" म्हटलंय ना? मग गंज पेठेतला फुलेवाडा का कोणी सांगत नाही? जोतिराव सावित्रीबाई खरंच तिथे राहिले, संसार केला, १८९० मध्ये जोतिराव तिथेच गेले. बैठं घर, अंगण, तुळशी वृंदावन. १८६८ मध्ये त्यांनी घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुला केला. आज वाचायला सोपं वाटतं, त्या काळच्या पुण्यात स्वतःच्या दारात हे करणं म्हणजे काय हे शिक्षिकेला वेगळं सांगायला नको. लहान आहे, बघून लवकर होतं, पण रेंगाळलात तर वेळ कसा जातो कळत नाही. शिक्षिकेला आधी इथे न्यायचं सोडून दुसरीकडे नेणं म्हणजे कमाल आहे.

कोथरूडची_लेक
अरे हो की!! मावशीला आत्ता विचारलं तर म्हणे "बाप्पा, दोन्ही बघू ना", पण एका दिवसात दोन्ही नको, आई दमते आणि मग चहाच्या वेळेला सगळ्यांची चिडचिड होते. चहाचं कोणीच बोललं नाही अजून.

उकळी
चहावर मी बोलतो. पेठेत असाल तर अमृततुल्य, दुसरं काही नाही. पितळी पातेल्यात दूध, पाणी, साखर, पावडर सगळं एकत्र उकळणार, आलं-वेलची खलबत्त्यात कुटून वरून, मग कापडातून गाळणार. तो वास रस्त्याच्या टोकाला येतो. पण बहुतेक ठिकाणी कप हातात घेऊन उभं राहायचं असतं, नाहीतर अरुंद बाकडं. दुखऱ्या गुडघ्यांना हा चहा मानवणार नाही. निवांत बसायचं तर इराणी. आगाखानवरून परत येताना रुबी हॉल स्टेशनला उतरा, जवळच ससून रोडला वोहुमन आहे, बन मस्का आणि चहा. इराणी चहात डिकॉक्शन वेगळं, दूध वेगळं, म्हणून चव एकदम वेगळी लागते. बंद कधी होतं ते फोन करून विचारून घ्या, उशिरा पोचलात तर शटर बघत बसाल. नाहीतर सरळ डेक्कनला गुडलक, १९३५ पासून आहे, तुमच्या घराच्या वाटेवरच पडेल, पण शनिवारी जागेसाठी थांबायची तयारी ठेवा.

भाऊ_सदाशिवपेठ
बन मस्क्याला जेवण समजून दुपारी उपाशी जाऊ नका एवढंच. आणि कॅम्पात शिरलात तर कयानीची श्रूजबरी बिस्किटं घ्या, पण दुपारी बेकरी बंद असते, साडेतीनच्या आत गेलात तर बाहेर उभे.

कोथरूडची_लेक
ठरलं. शनिवारी मेट्रोने आगाखान, परत येताना वोहुमन, नाही मिळालं तर गुडलक. फुलेवाडा सोमवारी, त्या दिवशी मी ऑफिसला असेन, मावशी म्हणते रिक्षाने मी आणि ताई दोघीच जाऊन येऊ. सोमवारी उघडा असतो ना?

मिरची_भजी
फोन करून खात्री करा, सोमवारचा भरवसा धरू नका. रविवारी सकाळीच उरकलंत तर उत्तम, तुम्हीही जाल सोबत.

उकळी
आणि रविवारी पेठेत असालच तर मग उभ्याने अमृततुल्य, मावशींना पुण्याचा खरा चहा न पाजता परत पाठवू नका.