मदत हवी आहे: ही फाटलेली गिटार बँडची, की माझ्या तबकडीची?

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात न्यू जर्सीत घराजवळच्या एका गराज सेलमध्ये नाताळच्या गाण्यांच्या ढिगाखाली एक एलपी सापडली. सर लॉर्ड बाल्टिमोर या बँडची 'किंगडम कम', मर्क्युरी कंपनीची, १९७० सालची. कव्हरचा एक कोपरा पाण्याने फुगलेला. पाच डॉलरला घेतली.

तेव्हापासून रोज ऐकतोय. ब्रुकलिनची तीन पोरं: लुई डॅम्ब्रा गिटारवर, गॅरी जस्टिन बेसवर, आणि जॉन गार्नर ड्रम बडवता बडवता गातो. गातो म्हणजे अक्षरशः घसा सोलून घेतो. 'मास्टर हार्टेक' बेसच्या घरघरीने सुरू होतं आणि मग गिटारवर गिटार असे थर चढत जातात. एका डॅम्ब्राचे तीन-चार डॅम्ब्रा होतात. ध्वनिमुद्रणात गिटारवादक जिमी हेंड्रिक्सबरोबर काम केलेला ध्वनिमुद्रक एडी क्रेमर होता, त्यामुळे हे थर विचारपूर्वक रचलेले आहेत याबद्दल मला शंका नाही. १९७१ मध्ये 'क्रीम' मासिकात माइक सॉन्डर्सने याच तबकडीबद्दल लिहिताना 'हेवी मेटल' हा शब्द वापरला. या संगीतासाठी तो शब्द छापून आल्याच्या अगदी सुरुवातीच्या दाखल्यांपैकी तो एक. इतकं असूनही मराठीत या बँडबद्दल एक ओळही माझ्या वाचनात आलेली नाही, म्हणून सविस्तर परीक्षण लिहायला बसलो आहे.

आणि तिथेच अडलोय. आवाज फाटतो. पण त्यातलं किती त्यांनी मुद्दाम फाडलंय आणि किती पन्नास वर्षांच्या झिजेमुळे, हे मला सांगता येत नाही. पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं 'पम्प्ड अप' तर उजव्या स्पीकरमधून चिरकतं. झिजलेल्या खाचेचा दोष बँडच्या माथी मारायचा नाही, आणि झिजेलाच 'रांगडेपणा' म्हणून डोक्यावरही घ्यायचं नाही. जाणकारांनी कृपया सांगावं, हे वेगळं कसं ओळखायचं?

(अवांतर: 'फझ'ला, म्हणजे गिटारच्या या मुद्दाम फाडलेल्या आवाजाला, मराठी शब्द सुचवा. 'खरखर' म्हटलं की रेडिओ बिघडल्यासारखं वाटतं.)

प्रतिसाद १

त्याच बाजूवर तुमचं उत्तर आहे. चौथं गाणं 'लेक आइल ऑफ इनर्सफ्री' शांत आहे, साधी गिटार आणि हार्प्सिकॉर्ड (पियानोसारखं, पण तारा छेडून वाजणारं जुनं वाद्य). तिथे फाडायला काही नाही. तेही फाटत असेल तर दोष तबकडीचा, सुईचा किंवा धुळीचा.

'पम्प्ड अप'चं कारण थोडं वेगळं. तबकडी फिरते मिनिटाला ३३⅓ फेरे, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर खाच सरकते आणि आत लेबलजवळ जेमतेम २०-२१. तेवढाच आवाज कमी जागेत कोंबलेला असतो, म्हणून बाजूचं शेवटचं गाणं आधी बिघडतं. उजवीकडे जास्त चिरकत असेल तर अँटी-स्केटिंग (सुईचा दांडा आत ओढला जाऊ नये म्हणून त्याला बाहेर खेचणारी जुळणी) तपासा, ते कमी पडलं की उजवा चॅनेल आधी बोंबलतो. सुई गोल टोकाची असेल तर लंबगोल लावून बघा. आणि त्याआधी तबकडी डिस्टिल्ड पाण्याने धुवा, लेबल भिजू देऊ नका.

धागाकर्ता

मनापासून आभार. धुतली, अँटी-स्केटिंग वाढवलं, सुई बदलली. 'इनर्सफ्री' आता स्वच्छ वाजतंय, मागे फक्त बारीक तडतड. हार्प्सिकॉर्डची तार तुटल्यासारखा टणत्कार पहिल्यांदाच ऐकू आला. 'मास्टर हार्टेक'मध्ये मात्र तसूभर फरक नाही, म्हणजे ते फाटणं त्यांचंच! 'पम्प्ड अप' निम्मं सुधारलं, उरलेली झीज असावी. त्या गाण्याबद्दल लिहिण्याआधी दुसरी प्रत ऐकायची आहे. कुणाकडे याची सीडी किंवा चांगल्या स्थितीतली एलपी असेल तर त्या गाण्यात गिटार उजवीकडे कशी वाजते, एवढं ऐकून कळवाल का?

'फझ'चा शब्द अजून बाकी आहे. सध्या 'घोगरा' लिहून ठेवलाय, पण तो गळ्याचा शब्द आहे, तारेचा नाही.