पाचवीला "बोर्ड" आलंय का? शाळेतल्या परीक्षांचं पालकांना नीट सांगायचं कुणी?

भांडुपची_आई
परवा रात्री साडेअकराला आमच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकीने फॉरवर्ड टाकला, "यंदापासून पाचवी आणि आठवीला बोर्ड परीक्षा, नापास झालं तर शाळेतून नाव काढणार". झालं, बारापर्यंत नुसता धुरळा. सकाळी समोरच्या वहिनींनी मुलाला क्लास लावून ॲडव्हान्सही भरून टाकला. मी शाळेत जाऊन बाईंना विचारलं तेव्हा कळलं की बोर्डाचा काही संबंधच नाही, पेपर शाळाच काढते आणि हे यंदाचं पण नाही, २०२३-२४ पासून चालू आहे. पाचवीला प्रत्येक विषय ५० मार्कांचा, पासिंगला १८ लागतात, आठवीला ६० पैकी २१. नाही जमलं तर निकालानंतर दोन महिन्यांत परत परीक्षा, मधल्या काळात शाळेने जास्तीचं शिकवायचं, त्यातही गेला तर त्याच वर्गात. नाव काढायचा प्रश्नच येत नाही, आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, कायद्यातच आहे.

आता हे एवढंसं सांगायला मला हाफ डे टाकून शाळेत का जावं लागलं? नोटीस बोर्डावर परिपत्रक होतं म्हणे. ते पण वाचलं. "उपरोक्त संदर्भीय शासन निर्णयान्वये" च्या पुढे माझी गाडी गेली नाही आणि मी बीकॉम आहे हो. वर्षभरात पोराने पायाभूत चाचणी दिली, संकलित (सत्र संपताना होते ती) दिली, शिष्यवृत्तीचा फॉर्म भरला, वर वार्षिक, आणि यातली मुलाची परीक्षा कुठली, शाळेची कुठली, हे कुणी बोललंच नाही त्यामुळे आम्ही सगळ्यांचं सारखंच टेन्शन घेतलं. जूनमध्ये एक पान द्या. परीक्षा कुठली, पेपर कोण काढतं, मार्क धरतात का, कमी पडले तर काय. बास.

गिरगावचा_रिकामटेकडा
ताई राग मानू नका, पण पालकांना जितकं समजावाल तितकं क्लासवाल्यांचं फावतं. पायाभूत चाचणी कशाला असते, तर मागच्या इयत्तेतलं काय कच्चं राहिलंय ते बाईंना कळावं म्हणून. त्याची घरी तयारी करून घेणं म्हणजे डॉक्टरकडे जायच्या आधीच क्रोसिन देऊन वर ताप मोजायला बसणं. तरी दादरला पुस्तकांच्या दुकानात पायाभूतचे सराव संच मिळतात, मी स्वतः बघितलेत. उद्या तुमचं ते पान आलं की त्यातल्या प्रत्येक ओळीला एक गाईड निघेल. आमच्या आईला माझी शाळा कुठल्या गल्लीत आहे एवढंच माहीत होतं, निकालाच्या दिवशी विचारायची पास का नापास, आणि पुढे आमटी वाढायची.

भांडुपची_आई
तुमच्या आईच्या वेळी व्हॉट्सॲप नव्हतं दादा. आणि वहिनींनी क्लास लावला तो माहिती मिळाली म्हणून नाही, मिळाली नाही म्हणून.

खडू_आणि_डस्टर
मी शिक्षिका, पालिकेच्या शाळेत. आधी एक दुरुस्ती, मुलाची परीक्षा आणि शाळेची परीक्षा अशी सरळ फाळणी होत नाही. पायाभूत आणि दोन्ही संकलित चाचण्यांचे पेपर राज्याकडून येतात, प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी. तपासायचे आम्ही, मार्क ऑनलाइन भरायचे पण आम्हीच (त्या दिवशी साइट चालत असेल तर). पायाभूतचे मार्क प्रगतीपुस्तकात येत नाहीत, संकलितचे धरतात. म्हणजे संकलित ही तुमच्या मुलाचीही आहे आणि त्या आकड्यांवरून राज्याला शाळांचं चित्र पण बघायचं असतं. हे पालकांना एका ओळीत कसं सांगू ते मलाही सुचत नाही.

राहता राहिलं समजावणं. मागच्या पालकसभेला छप्पन्न मुलांमागे अकरा पालक आले, त्यातल्या दोन आज्या. बाकीचे कामावर, कुणाची नाईट, कुणी विरारहून चर्चगेटच्या गाडीत लटकलेलं. चिठ्ठ्या घरी पाठवल्या त्या दप्तराच्या तळाशी डब्याच्या तेलासकट सापडल्या. पालिकेच्या शाळा आठ माध्यमांच्या आहेत, माझ्या मराठी वर्गातसुद्धा निम्म्या घरांत मराठी वाचणारं मोठं माणूस नाही. तेव्हा शाळा सांगत नाही असं म्हणू नका, सांगून सांगून घसा बसलाय.

गिरगावचा_रिकामटेकडा
घ्या, बाईंनी माझंच म्हणणं मांडलं. ज्यांना ऐकायचंय ते अकरा, आणि त्या अकरांच्या घरी क्लास आधीच लागलेला.

रिक्षावाला_बाप
मी त्या न आलेल्यांतला. शाळा वेगळी असेल पण गोष्ट तीच. सभा सकाळी अकराला ठेवतात, माझा धंद्याचा टाइम तो. शेअर रिक्षा आहे, दोन तास उभी ठेवली तर त्या दिवसाचं भाडं अंगावर. बाई तुमच्यावर राग नाही, पण माझा एकच सवाल होता, पोरगी त्याच वर्गात बसणार का, आणि बसणार असेल तर मला कधी कळणार, एप्रिलच्या शेवटी का दिवाळीत. ते कुणी सांगत नाही. ऑक्टोबरमध्ये कळलं की भागाकार येत नाही तर मी काय तरी करीन, शेजारचा पोरगा बारावीला आहे त्याला सांगीन. निकालाच्या दिवशी कळून काय उपयोग. आमच्यासारख्याला दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवा, सिग्नलला ऐकतो.

खडू_आणि_डस्टर
भाऊ, व्हॉइस मेसेजचं खरंच डोक्यात आलं नव्हतं. आणि दिवाळीत कळू शकतं, पहिली संकलित तेव्हाच होते. पेपर तपासून झाले की या आणि बघा, नाही कोण म्हणतं. पण कुणी मागतच नाही, सगळे फक्त "किती पडले" विचारतात.

बोरिवली_स्लो
२०१९ चं कुणाला आठवतंय का? माझी थोरली तेव्हा दहावीला. २०१८ ला राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता, २०१९ ला एकदम ७७.१०. सोसायटीत सुतक पडल्यासारखं झालं, मोबाईलने पिढी वाया गेली वगैरे सुरू. मोठं कारण साधं होतं, त्या वर्षी भाषांच्या तोंडी परीक्षेचे २० मार्क काढून टाकले होते, पेपर पूर्ण १०० चा. पुढच्या वर्षी ते परत आणले. माझ्या मुलीला मराठीत ७१ पडले, तिच्या आत्येबहिणीला आदल्या वर्षी ८८ होते, आणि माझ्या सासूबाईंनी वर्षभर दोघींची तुलना केली. मोजपट्टी बदलली होती हो, पोरगी तीच होती. हे मी घरात समजावू शकले नाही कारण मला स्वतःलाच जुलैमध्ये कळलं.

गिरगावचा_रिकामटेकडा
कळलं असतं तर अकरावीची कटऑफ बदलली असती का? बाकीच्या बोर्डांच्या मुलांचे अंतर्गत मार्क होतेच, ती पुढे गेलीच असती. समजून दुःख कमी होतं, ॲडमिशन मिळत नाही.

बोरिवली_स्लो
दुःख कमी होणं हे तुम्हाला कमी वाटतं का? ती महिनाभर कुणाच्या घरी गेली नाही.

पेढेवाले_काका
माझी फजिती सांगतो. मुलाला सीईटीत (बारावीनंतरची प्रवेश परीक्षा) ९२ आले, मी चाळीत पेढे वाटले. नंतर कॉलेजच्या लिस्टा बघितल्या तेव्हा भाच्याने सांगितलं, मामा ते पर्सेंटाइल आहे, टक्के नाहीत. म्हणजे शंभरातले ९२ त्याच्या बरोबरीचे किंवा मागे आहेत, मार्क कितीही असोत. परीक्षा बऱ्याच शिफ्टमध्ये होते, एका शिफ्टचा पेपर सोपा, दुसऱ्याचा कठीण, म्हणून असं काढतात म्हणे. आणि लाखोंनी मुलं बसतात, तेव्हा पुढचे आठ टक्के म्हणजे केवढी रांग झाली हिशोब करा. पेढे काही परत घेता येत नाहीत.

नाव_नको
मुलगी सहावीत होती तेव्हा ४ डिसेंबर २०२४ ला ती केंद्राची परख झाली, म्हणजे देशभरातल्या शाळांची पाहणी, तिसरी सहावी नववीची. निवडक शाळांत असते, मुलाचा वैयक्तिक निकाल येतच नाही. आम्ही आदल्या रात्री तिला दहापर्यंत अभ्यासाला बसवलं होतं. तिच्या आजीने सकाळी दही-साखर पण दिली.

गिरगावचा_रिकामटेकडा
दही-साखर चालतंय, त्याला क्लासची फी नाही 😄 बरं ताई, तुमचं पान लिहा बघू, मी चुका काढतो.

भांडुपची_आई
घ्या, गाडीतच टाइप केलंय, उभ्याने:
पायाभूत: शाळा उघडल्यावर. मार्क कुठे धरत नाहीत. तयारी नको.
संकलित: दिवाळीच्या आसपास एक, शेवटी एक. प्रगतीपुस्तकात धरतात. पहिलीचा पेपर शाळेत जाऊन बघा, काय चुकलं ते विचारा.
पाचवी-आठवी वार्षिक: पेपर शाळेचा, बोर्डाचा नाही. ३५ टक्के. गेला तर परत संधी.
परख: मुलाचा निकाल नसतो. जेवून झोपू द्या.
शिष्यवृत्ती: ज्याला द्यायचीय त्याने द्यावी, पासिंगशी संबंध नाही. आता परत चौथी-सातवीला नेलीये, धाकट्यांच्या पालकांनी लक्ष ठेवा.

खडू_आणि_डस्टर
दुसऱ्या ओळीसाठी तुमचे आभार. फक्त "पेपर बघा" च्या पुढे "शाळा सुटल्यावर" घाला, नाहीतर तासाला दारात रांग लागेल.

रिक्षावाला_बाप
ताई हेच बोलून पाठवा ना, आणि हिंदीत पण एक. स्टँडवरच्या ग्रुपवर टाकतो, आमच्यातले निम्मे जौनपूरचे आहेत.

गिरगावचा_रिकामटेकडा
चुका नाहीत. पण सगळ्यात वर जाड अक्षरात लिहा, "यातल्या कशालाही क्लास लावू नये".

भांडुपची_आई
ते लिहिलं तर समोरच्या वहिनी माझ्याशी बोलायच्या बंद होतील. ॲडव्हान्स परत मिळत नाहीये त्यांना.