मदत हवी आहे: पाण्यात फॉस्फरेसन्स गायब होतोय

नमस्कार मंडळी, नागपुरात एम.एस्सी.चा प्रोजेक्ट सुरू आहे. ब्रोमोफिनाइल-पिरिडिनियमचा रेणू कुकुरबिट[7]युरिलच्या (भोपळ्यासारखा पोकळ रेणू) पोकळीत अडकवून साध्या तापमानाला फॉस्फरेसन्स (दिवा बंद केल्यावरही थोडा वेळ टिकणारा प्रकाश) मिळवायचाय. कोरडी पूड यूव्ही दिव्याखाली मस्त हिरवट दिसते, पाण्यात टाकली की सिग्नल जवळपास शून्य! ऑक्सिजन ट्रिप्लेट (ज्या उत्तेजित अवस्थेतून हा प्रकाश येतो ती) विझवतो म्हणून अर्धा तास नायट्रोजन सोडला, फरक नगण्य. पोकळी मोठी, दोन रेणू मावतात म्हणून कुकुरबिट[8]युरिलही वापरून पाहिलं, पण ते विरघळेचना, क्युव्हेट (मोजणीची पारदर्शक नळी) दुधाळ झाली. त्यात आमचं 'रूम टेंपरेचर' सध्या कूलर लावूनही 38 अंश! रेणूची हालचाल वाढून ऊर्जा उष्णतेतच जातेय, की पोकळीतली पकडच ढिली पडतेय? आधी 25 अंशांवर मोजून बघू का? ज्यांनी हे केलंय त्यांनी होस्ट-गेस्टचं (पोकळ रेणू आणि आत अडकणारा रेणू यांचं) प्रमाण किती ठेवलं, तेवढं सांगा ना.