ग्रहांच्या आवर्तनांवरून अर्थकारण आणि सत्ताकारण यांचे भाकीत करता येते का?

मूळ मांडणी

मेदिनीय ज्योतिष, म्हणजे व्यक्तीच्या पत्रिकेऐवजी राष्ट्रे, राज्यकर्ते, पाऊसपाणी आणि बाजारभाव यांचा ग्रहस्थितीवरून विचार करणारी शाखा, हा माझा वीस वर्षांच्या अभ्यासाचा विषय आहे. तिच्यावर टीका करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी साप्ताहिक राशिभविष्यापलीकडे काही वाचलेले नसते याची मला मनापासून खंत वाटते, म्हणून माझी बाजू जरा विस्ताराने मांडतो.

ही शाखा काल-परवाची नव्हे. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत ग्रहांचे चार म्हणजे भ्रमण, पर्जन्य आणि भूकंप यांच्याबरोबरच अर्घाचा, म्हणजे धान्यादी मालाच्या भावांचा, स्वतंत्र विचार केला आहे. राज्याची स्थिती आणि बाजाराची स्थिती ही एकाच काळाची दोन अंगे आहेत, ही त्यामागची दृष्टी मला आजही मोलाची वाटते. गुरूची सूर्याभोवतीची प्रदक्षिणा ११.८६ वर्षांची आणि शनीची २९.४६ वर्षांची, त्यामुळे दोघांची युती, म्हणजे आकाशात एकाच जागी येणे, साधारण वीस वर्षांनी होते. गेल्या दोन युती २८ मे २००० आणि २१ डिसेंबर २०२० या दिवशी झाल्या. पहिलीच्या आगेमागे इंटरनेट कंपन्यांच्या समभागांचा फुगा फुटला, आणि दुसरीच्या वेळी सगळे जग महासाथीत अडकलेले होते. त्याआधी २६ डिसेंबर २०१९ रोजी रवी, चंद्र, बुध, गुरू, शनी आणि केतू हे सहा ग्रह धनु राशीत एकत्र आले असताना सूर्यग्रहण झाले होते आणि ग्रहणाच्या वेळचा असा षड्ग्रही योग जगाला त्रासदायक ठरतो, असे आमच्या अभ्यासकांनी तेव्हाच म्हटले होते.

पाश्चात्त्य उदाहरण हवे असेल तर आंद्रे बार्बो या फ्रेंच ज्योतिषाचे देतो. शनी आणि नेपच्यून यांची युती सुमारे छत्तीस वर्षांनी होते. १९१७ च्या युतीला रशियन क्रांती आणि १९५३ च्या युतीला स्टालिनचा मृत्यू जोडून त्यांनी १९५० च्या दशकातच लिहून ठेवले होते की साम्यवादी सत्तेच्या दृष्टीने पुढचा निर्णायक काळ १९८९ च्या सुमाराचा असेल. बर्लिनची भिंत कोणत्या वर्षी पडली, हे सर्वांना ठाऊक आहे.

ग्रह घटना घडवतात असे माझे म्हणणे नाही. घड्याळाचे काटे दुपार घडवत नाहीत, दुपार झाल्याचे सांगतात. ग्रहांचे तसेच आहे. आपली मते कळवावीत.

पहिला प्रतिसाद: असहमत

मी अर्थशास्त्र शिकवतो. आपली मांडणी प्रामाणिक आहे हे मान्य करूनच विरोध नोंदवतो.

घड्याळाच्या उपमेपासूनच सुरुवात करू. घड्याळ दुपार सांगते, कारण ते दुपारशी जुळवून लावलेले असते आणि रोज ताडून पाहता येते. चुकले तर आपण घड्याळ दुरुस्त करतो, दुपारचा अर्थ बदलत नाही. मेदिनीय ज्योतिषात नेमके उलटे घडते, आणि माझा मुख्य आक्षेप तोच आहे.

एक उदाहरण अगदी जवळून पाहू. पंचांगाच्या पहिल्या पानांवर संवत्सरफल, म्हणजे त्या वर्षाचे भविष्य, असते. चैत्र शुद्ध प्रतिपदा ज्या वारी येते, त्या वाराचा स्वामी तो वर्षाचा राजा. शके १९४२, शार्वरी संवत्सर, २५ मार्च २०२० रोजी बुधवारी सुरू झाले, म्हणून त्या वर्षाचा राजा बुध. बुध हा व्यापार, हिशेब आणि दळणवळण यांचा कारक मानला जातो. नेमक्या त्याच दिवसापासून देशभर टाळेबंदी लागू झाली. दुकानांना कुलपे, रेल्वे बंद, विमाने जमिनीवर. त्यानंतरच्या एप्रिल ते जून या तिमाहीत भारताचे सकल देशांतर्गत उत्पादन, पहिल्या अधिकृत अंदाजानुसार, आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीच्या तुलनेत २३.९ टक्क्यांनी घटले. व्यापाराच्या कारकाचे राज्य सुरू झाले त्याच दिवशी व्यापार थांबला, ही विसंगती पुढल्या वर्षीच्या पंचांगात कोणी नोंदवली का? संवत्सरफल काढण्याची रीत त्यामुळे तसूभरही बदलली का?

आता बार्बोंविषयी. १९८९ चे भाकीत लक्षणीय आहे, ते मी नाकारत नाही. पण साम्यवादाच्या इतिहासातली रशियानंतरची सर्वांत मोठी घटना म्हणजे १९४९ ची चिनी क्रांती, आणि ती या चक्रात बसत नाही. सोव्हिएत संघाचे विसर्जन १९९१ च्या डिसेंबरमध्ये झाले, तेही दोन वर्षे पुढे गेले. शिवाय गुरू ते प्लूटो या पाच ग्रहांच्या दहा जोड्यांमधल्या अंशात्मक अंतरांची बेरीज करून जो निर्देशांक त्यांनी वापरला, त्याच्या आधारे १९८० च्या दशकाच्या आरंभी त्यांना महायुद्धाचा धोका दिसत होता. ते महायुद्ध झाले नाही. एक बाण लक्ष्यावर बसला हे सांगताना भात्यातले बाकीचे बाण कुठे गेले, तेही सांगायला हवे.

आणि आपल्याच २०२० च्या युतीचे पाहा. सायन पद्धतीने, म्हणजे वसंतसंपातापासून राशी मोजल्या तर, ती कुंभेत झाली, म्हणून पाश्चात्त्य ज्योतिषांनी दोनशे वर्षांचा पृथ्वीतत्त्वाचा, म्हणजे कारखाने आणि मालमत्तेचा, काळ संपून वायुतत्त्वाचा, म्हणजे माहिती आणि जाळ्यांचा, काळ सुरू झाल्याचे जाहीर केले. निरयन पद्धतीने, म्हणजे स्थिर ताऱ्यांवरून राशी मोजल्या तर, तीच युती मकरेत, म्हणजे पृथ्वीतत्त्वाच्या राशीत, झाली. आकाश एक, ग्रह तेच, निष्कर्ष परस्परविरुद्ध, आणि दोन्ही बाजूंना पुरावे मुबलक सापडतात. ज्या पद्धतीला दोन्हीकडून पुरावा मिळतो, तिला पुरावा मिळाला असे म्हणता येत नाही.

माझ्या विषयातही अशी चूक झालेली आहे, हे सांगणे मी माझे कर्तव्य समजतो. एकोणिसाव्या शतकातले मोठे अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी व्यापारी अरिष्टांचा संबंध सूर्यावरील डागांच्या चक्राशी जोडला: डागांमुळे हवामान, हवामानामुळे पीक, पिकामुळे व्यापार. कल्पना अजिबात वेडगळ नव्हती. दोन्ही आवर्तने साडेदहा वर्षांच्या आसपास जुळवून दाखवलेली होती; पुढे डागांचे चक्र सरासरी अकरा वर्षांचे मानले गेले आणि जुळणी सुटली. अलीकडे, २०१४ मध्ये, रॉबर्ट नोव्ही-मार्क्स यांनी दाखवून दिले की वित्तशास्त्रातल्या नेहमीच्या सांख्यिकी चाचण्या लावल्या तर समभागांमधल्या काही नफ्यांचे भाकीत चक्क ग्रहांच्या स्थितीवरूनही करता येते असे दिसते. त्यांचा हेतू ज्योतिषाची पाठराखण करण्याचा नव्हता. पुरेशा आकडेमालिका धुंडाळल्या की काहीतरी जुळतेच, हा इशारा त्यांना द्यायचा होता.

दुसरा प्रतिसाद: दोघांशीही असहमत

मी परंपरेने पंचांगाचे काम करतो आणि मला दोन्ही लेखांबद्दल तक्रार आहे.

मूळ मांडणी करणाऱ्या धागाकर्त्यांनी बार्बोंचा आधार घ्यायला नको होता. नेपच्यून १८४६ मध्ये आणि प्लूटो १९३० मध्ये सापडला. ज्या ग्रहांची आमच्या ग्रंथकारांना कल्पनाच नव्हती, त्यांच्या यशावर आमच्या शास्त्राने हक्क सांगणे योग्य नाही.

प्राध्यापकांना एवढेच सांगतो की केवळ राजावरून वर्ष ठरत नाही. मंत्री, सस्येश (पिकांचा स्वामी), मेघेश (पावसाचा), अर्घेश (भावांचा), रसेश (रसांचा) असे अधिकारी असतात. शार्वरी संवत्सराचा मंत्री चंद्र होता, कारण मेष संक्रांत सोमवारी, १३ एप्रिलला झाली. भावांचा विचार अर्घेशावरून आणि सर्वतोभद्र चक्र या नक्षत्रांच्या कोष्टकावरून करायचा असतो. एका पदाधिकाऱ्यावरून साऱ्या मंत्रिमंडळाचा हिशेब मांडणे अन्यायाचे आहे.

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर

आपला मुद्दा समजला, पण त्याने माझा आक्षेप अधिकच पक्का होतो. अधिकारी जितके अधिक, तितकी फळे अधिक, आणि त्यांपैकी एखादे जुळण्याची शक्यताही अधिक. राजा चुकला तर मंत्री आहे, मंत्री चुकला तर मेघेश आहे. कोणाच्या शब्दाला किती वजन द्यायचे हे वर्ष सुरू होण्याआधी लिहून ठेवलेले असेल, तरच या मंत्रिमंडळाला काही अर्थ आहे.

तिसरा प्रतिसाद: वादाची जागाच चुकते आहे

मी राजकीय इतिहासाचा विद्यार्थी आहे. ग्रहांचा अर्थकारणावर परिणाम होतो की नाही, यावर आपण बोलत आहात. पण ग्रहांवरील आणि आकड्यांवरील श्रद्धेचा परिणाम निश्चित होतो आणि त्याची किंमत सामान्य माणसाला मोजावी लागते, याकडे मला लक्ष वेधायचे आहे.

ब्रह्मदेशाने स्वातंत्र्याचा मुहूर्त ज्योतिषांकडून काढून घेतला होता: ४ जानेवारी १९४८, पहाटे ४ वाजून २० मिनिटे. त्यात कोणाचे नुकसान झाले नाही. पण सप्टेंबर १९८७ मध्ये तिथले हुकूमशहा ने विन यांच्या राजवटीने २५, ३५ आणि ७५ क्याटच्या नोटा एका फटक्यात रद्द केल्या, बदल्यात काहीही दिले नाही, आणि ४५ व ९० क्याटच्या नव्या नोटा काढल्या. दोन्ही आकड्यांना नऊने भाग जातो, आणि नऊ हा ने विन यांचा शुभांक होता. क्षणभर त्या माणसाच्या जागी उभे राहून पाहा, ज्याने आयुष्यभराची बचत ७५ च्या नोटांत पेटीत ठेवली होती. सकाळी पेटीत कागद तेवढे उरले. पुढच्याच वर्षी, १९८८ मध्ये, देशभर उठाव झाला. त्याची कारणे अनेक होती, पण लोकांच्या खिशावर पडलेला हा घाव त्यांत होता.

श्रीलंकेत महिंदा राजपक्षे यांनी मुदत संपण्याच्या जवळजवळ दोन वर्षे आधीच अध्यक्षपदाची निवडणूक घेतली. ८ जानेवारी २०१५ हा दिवस ज्योतिषाच्या सल्ल्याने निवडला होता. ते हरले. अमेरिकेत रोनाल्ड रेगन यांच्या कार्यक्रमांच्या वेळा त्यांच्या पत्नी एका ज्योतिषी बाईंच्या सल्ल्याने ठरवत, हे १९८८ मध्ये त्यांच्याच माजी प्रमुख सहायकाने उघड केले.

कौटिल्याला हा धोका फार पूर्वी कळला होता. सारखी नक्षत्रे विचारत बसणाऱ्या पोरबुद्धीच्या माणसाला अर्थ सोडून जातो. अर्थाचे नक्षत्र अर्थच, तारे काय करणार, असे अर्थशास्त्रात स्पष्ट म्हटले आहे. वराहमिहिराचा दाखला देणाऱ्यांनी हाही दाखला आपल्याच परंपरेतला आहे, हे विसरू नये.

धागाकर्त्याचे उत्तर

सर्वांचे प्रतिसाद मी दोनदा वाचले. ब्रह्मदेशाचे उदाहरण मेदिनीय ज्योतिषाचे नसून सत्ताधाऱ्याच्या लहरीचे आहे, असे मला अजूनही वाटते. हुकूमशहाने वैद्यकाचा आधार घेऊन अत्याचार केला तर वैद्यक खोटे ठरत नाही. नेपच्यून-प्लूटोविषयीचा आक्षेप मात्र मला मान्य आहे.

कोणी काढला नाही, तरी १९६२ च्या अष्टग्रहीचा उल्लेख मीच करतो. त्या फेब्रुवारीच्या ३ ते ५ तारखांना आठ ग्रह निरयन मकरेत एकत्र आले होते. जगबुडी होणार म्हणून देशभर यज्ञ झाले, लोकांनी प्रवास आणि कार्ये पुढे ढकलली, आणि तसे काहीच घडले नाही. पुढे २० ऑक्टोबरला चीनने आक्रमण केले, त्याच महिन्यात क्यूबाच्या क्षेपणास्त्रांवरून जग अणुयुद्धाच्या तोंडाशी गेले, तेव्हा योगाचे फळ उशिरा मिळाले असे आमच्यातले अनेक जण म्हणू लागले. मीही अनेक वर्षे तसेच शिकवत आलो आहे. फेब्रुवारी ते ऑक्टोबर हे अंतर साडेआठ महिन्यांचे आहे, आणि एवढा अवधी घेतला तर जगात कुठे ना कुठे युद्ध सापडतेच, याचे उत्तर माझ्याजवळ नाही.

पहिल्या प्रतिसादानंतर मी माझ्या जुन्या वह्या काढल्या. डिसेंबर २०१९ च्या पानावर षड्ग्रही योगासमोर निळ्या शाईने "राजसत्तेस क्लेश, सीमेवर तणाव, सोन्यात तेजी" असे लिहिलेले आहे. त्याखाली काळ्या शाईने "महामारी" हा शब्द आहे. तो मी नंतर लिहिला आहे. केव्हा लिहिला ते आठवत नाही, पण मूळ मांडणी लिहिताना तो आधीपासूनच तिथे होता, असे मी खरोखर समजत होतो. ही गोष्ट लपवून पुढे वाद घालणे मला शक्य नव्हते.

तरीही शाखा सोडून द्यावी, असे मला वाटत नाही. नारळीकर, दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये घेतलेल्या चाचणीत २७ ज्योतिषांनी हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका ओळखण्याचा प्रयत्न केला आणि सरासरी यश ४६ टक्के आले, हे मला ठाऊक आहे. ती चाचणी व्यक्तींच्या पत्रिकांची होती. बाजाराच्या तेजी-मंदीची तशी उघड चाचणी माझ्या वाट्याला कधी आली नाही, आणि ती द्यायला मी तयार आहे.

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर

वहीतली नोंद आपण होऊन सांगितलीत, याबद्दल मनापासून आभार. माझ्या क्षेत्रातही अशी कबुली सहजासहजी मिळत नाही.

चाचणीचे स्वरूप असे असावे. सोने, कापूस आणि गहू या तीन वस्तूंचे भाव प्रत्येक महिन्याअखेरीस आधीच्या महिन्यापेक्षा वर जातील की खाली, एवढेच आपण चैत्र शुद्ध प्रतिपदेपूर्वी बारा महिन्यांसाठी लिहून द्यावे. निरयन पद्धत आणि अयनांश (सायन व निरयन गणनांमधला अंशांतला फरक) कोणता, तेही आधीच नमूद करावे. एकूण ३६ भाकिते होतील. नुसते नाणे उडवले तर सरासरी १८ बरोबर येतील, आणि २४ किंवा त्याहून अधिक बरोबर येण्याची शक्यता तीन टक्क्यांच्या आसपास आहे. मात्र सोन्याचा कल वर्षानुवर्षे वर जाण्याचाच असल्यामुळे डोळे मिटून दरमहा तेजी म्हणणाऱ्यालाही नाण्यापेक्षा जास्त गुण मिळू शकतात. म्हणून आपली तुलना नाण्याशी आणि सतत तेजी सांगणाऱ्याशी, अशी दोघांशीही व्हावी. भावाची नोंद कोणत्या बाजाराची धरायची हे पंचांगकर्त्या प्रतिसादकांनी ठरवावे, म्हणजे ती निवड आपल्या दोघांच्याही हातात राहणार नाही.

यादी येताच मी ती जशीच्या तशी इथे चिकटवीन, आणि तिच्यात नंतर कोणत्याही रंगाच्या शाईने काही लिहिले जाणार नाही.