हॅमर दिसला की घ्यायचं? मला हे पटत नाही

रेवती:
आमच्या घरच्या ग्रुपवर भाचा रोज शेअर बाजाराच्या चार्टचा फोटो टाकतो आणि खाली लिहितो, ‘हॅमर बनलाय, उद्या वर.’ गेल्या महिन्यात याच भरवशावर त्याने कॉल (भाव वाढेल यावर लावायचे ऑप्शन) घेतले आणि दोन महिन्यांचा पगार घालवला. म्हणून तळमळीने लिहितेय. कॅन्डल म्हणजे चार्टवर दिवसाचे ओपन, हाय, लो, क्लोज हे चार भाव. ओपन ते क्लोज ही जाड बॉडी, बाहेरच्या बारीक रेघा म्हणजे शेपट्या; वर छोटी बॉडी, खाली लांब शेपटी असली की हॅमर. चारही घडून गेलेले. त्यातून उद्याचा भाव कुठून निघणार?

माणदेशी:
ताई, भाच्याचं ऐकून वाईट वाटलं, पण दोष कॅन्डलला देऊ नका. २४ मार्च २०२० चा निफ्टी निर्देशांक बघा. आदल्या दिवशी १३ टक्के कोसळलेला. २४ ला ७८४८ ला उघडला, खाली ७५११, वर ८०३६ आणि बंद ७८०१ ला. एवढ्या उलथापालथीत बॉडी पन्नास अंकांचीही नाही. डोजीच ती, म्हणजे जवळपास बॉडीच नसलेली कॅन्डल! विकणारे दमलेत हे चित्रात दिसत होतं. तोच तळ ठरला.

रेवती:
मग त्याच महिन्यातली १३ तारीख का वगळता? उघडताच लोअर सर्किट, म्हणजे घसरणीची मर्यादा गाठली आणि पाऊण तास व्यवहार बंद. निफ्टी ८५५५ वरून उलटला आणि थेट ९९५५ ला बंद झाला. हिरवी बॉडी, म्हणजे क्लोज ओपनच्या वर, आणि खाली लांब शेपटी. याहून जोरकस कॅन्डल मी पाहिलेली नाही. आणि पुढच्या सात सत्रांत ७५११! तळ कुठला ते आज माहीत आहे, म्हणून तुमची डोजी खरी वाटते.

माणदेशी:
१६ मार्चला तो खाली उघडला नि खालीच बंद झाला. कॅन्डलच्या हायच्या वर बंद मिळाल्याशिवाय सौदा करायचा नाही, हा माझा पहिला नियम. डोजीनंतर मात्र २५ ला ८३१७ ला बंद. तिथे एन्ट्री, ७५११ खाली स्टॉप लॉस, म्हणजे भाव त्याखाली गेला तर तोटा सोसून बाहेर.

दापोलीकर:
म्हणजे स्टॉप लॉस लागला तर जवळपास दहा टक्के तोटा. लाखाच्या सौद्यात दहा हजार. एवढं आधी मोजणारा माणूस कॅन्डलशिवायही टिकतो. मी दोन वर्षं वहीत दिसेल तो हॅमर टिपला. निम्मे वर गेले, निम्मे खाली. ब्रोकरेज, एसटीटी (सौद्यांवरचा कर) जाऊन हाती काहीच उरलं नाही. आणि भाचा होता ऑप्शनमध्ये. बाजार नियामक सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात एफ अँड ओमधले (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात निघाले.

माणदेशी:
दादा, वहीत आधीचा ट्रेंड लिहिला होता का? मोठ्या घसरणीनंतरचा हॅमर आणि आडव्या बाजारातला हॅमर यांत जमीनअस्मानाचा फरक असतो.

दापोलीकर:
नव्हता लिहिला. ते राहूनच गेलं.

रेवती:
भाच्याला आजच वही आणून देते. ट्रेंडचाही रकाना आखून. वर्षभर एक रुपया न लावता.