लाँग रननंतर घसा धरतो, सीबीसीही (रक्तातल्या पेशींची मोजणी) बिघडलेला. जास्त पळून प्रतिकारशक्ती खाली जाते का?

वरळी_सीफेस: जानेवारीच्या मुंबई मॅरेथॉनसाठी आमचा ग्रुप आठवड्याला ६५-७० किमीवर आलाय. रविवारी ३० किमी झाले की मंगळवार-बुधवारपर्यंत कोणाचा ना कोणाचा घसा धरतोच. एकाने रविवारी दुपारीच सीबीसी केला: पांढऱ्या पेशी १४,०००, त्यातल्या लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) १० टक्के. अंगात ताप नाही. घाबरायचं का? व्हिटॅमिन सी, झिंक सुरू करावं का?

परळ_पॅथॉलॉजी: रिपोर्टची वेळ चुकली, बाकी काही नाही. लांब पळाल्यावर कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं, अस्थिमज्जेतून न्यूट्रोफिल या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी रक्तात उतरतात आणि एकूण आकडा फुगतो. लिम्फोसाइट मरत नाहीत. त्यातल्या बऱ्याच फुप्फुसं, आतडी अशा ठिकाणी पांगतात, म्हणून रक्तात काही तास कमी दिसतात. साधारण दिवसभरात आकडे जागेवर येतात. ४८ तास विश्रांती घेऊन सकाळी परत तपासा. आणि त्या आठवड्यात एसजीओटी (लिव्हरसाठी करतात ती तपासणी) किंवा सीपीके (स्नायूंची तपासणी) करू नका. स्नायूंमुळे दोन्ही वाढलेले निघतात आणि लोक उगाच लिव्हरच्या डॉक्टरकडे धावतात.

माहीम_फिजिओ: पेशींबद्दल सहमत, पण घशाचं काय? १९८७च्या लॉस एंजेलिस मॅरेथॉननंतरच्या आठवड्यात पळालेल्यांपैकी १२.९ टक्के आजारी पडले; तयारी करून न पळालेल्यांत २.२ टक्के. ‘ओपन विंडो’ची, म्हणजे लांब पळाल्यावर काही काळ प्रतिकारशक्ती खाली जाऊन जंतूंना वाट मोकळी होते ही कल्पना अशाच आकड्यांवर उभी राहिली. मात्र ही लक्षणं धावपटूंनी स्वतः सांगितलेली होती. पुढे खेळाडूंच्या नाका-घशाचे नमुने तपासले तेव्हा बऱ्याच जणांत जंतू सापडलाच नाही. तोंडाने तासन्‌तास ओढलेली कोरडी, धुळकट हवा घसा सोलते, आणि डिसेंबरच्या पहाटे मुंबईत धूळ खालीच साचलेली असते. खाज, शिंका, पाण्यासारखं नाक आणि दोन दिवसांत आराम, असं असेल तर बहुधा हेच.

खरी सर्दी असेल तर आधी झोप बघा. पहाटे साडेतीनला उठणारा माणूस शनिवारी दहाला झोपतो का? २०१५च्या एका प्रयोगात नाकात सर्दीचा विषाणू सोडला, तेव्हा सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सातहून जास्त तास झोपणाऱ्यांच्या चौपट निघाली. त्यात भर म्हणजे पाण्याची एकच बाटली चौघांत फिरवणं. सर्दीला लक्षणं दाखवायला एक ते तीन दिवस लागतात, तुमचा मंगळवार-बुधवार त्यात चपखल बसतो.

रिकाम्या पोटी ३० किमी हा हट्टही सोडा. दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं घेतली तर कॉर्टिसॉल कमी चढतं. एका केळ्यात साधारण २५ ग्रॅम मिळतात. यानेच सर्दी टळते असा ठोस पुरावा नाही, पण पळणं तरी नीट होईल.

दादर_डाएट: व्हिटॅमिन सी सरसकट सगळ्यांना लागू पडत नाही, पण मॅरेथॉनवाले, स्कीइंगवाले आणि सैनिक यांच्यावरच्या पाच चाचण्यांत सर्दी जवळपास निम्म्यावर आली. रोज १ ग्रॅम महिनोन्‌महिने घेतलं तर सरावाचा फायदा बोथट होऊ शकतो, म्हणून शर्यतीआधीचे दोन-तीन आठवडे पुरेत. नाहीतर पेरू खा, हंगामच आहे. १०० ग्रॅममध्ये २०० मिग्रॅच्या वर मिळतं. झिंक सीझनभर नको, मळमळतं आणि शरीरातलं तांबं घटतं. उपयोग झालाच तर लक्षणं दिसताच २४ तासांत चघळायच्या गोळ्यांचा, तोही बेताचा.

माहीम_फिजिओ: एक राहिलं. ताप, अंगदुखी, छातीत खोकला असेल तर पळायचं नाही. पॅरासिटामॉल घेऊन तर अजिबात नाही: विषाणू हृदयाच्या स्नायूपर्यंत पोचला असेल तर जोरदार व्यायाम जिवावर बेतू शकतो. गोळीशिवाय ताप उतरून पूर्ण दिवस गेला की २०-३० मिनिटं चालणं-जॉगिंग, आणि तो आठवडा निम्म्या किमीचा. छातीत दुखलं, धडधडलं तर आधी ईसीजी.

वरळी_सीफेस: बाटलीचं बरोबर ओळखलंत, तसंच चालतं. सीबीसी मंगळवारी सकाळी परत करायला सांगतो.

परळ_पॅथॉलॉजी: सोमवारी पेडर रोडचा चढ मारणार नसाल तरच मंगळवार. नाहीतर तोच १४,००० परत येईल.