‘स्लो लिव्हिंग’ला मराठीत काय म्हणायचं : संथ, निवांत की सावकाश?

कोरा कागद :
एका मोठ्या लेखाचा अनुवाद करतेय. सतत फोन चाळणाऱ्या माणसाचं सुचणं कसं आटतं आणि ज्यांनी मुद्दाम वेग उतरवला त्यांच्या हातून काय काय घडतं, असा विषय आहे. ‘स्लो लिव्हिंग’ त्यात पावलोपावली येतं. मी ‘संथ जगणं’ लिहिलं. संपादकांनी ते सगळीकडे खोडून ‘निवांत जगणं’ केलं आणि समासात शेरा दिला, ‘संथ म्हणजे निस्तेज’.

मला ‘निवांत’ अजिबात पटत नाही. निवांत बसलेल्या माणसाचं काम आटोपलेलं असतं. या लेखातली माणसं कामात गळ्यापर्यंत बुडालेली आहेत, त्यांनी एका वेळी एकच काम धरलंय इतकंच. तुम्हाला ‘संथ’ निस्तेज वाटतो का? दुसरा काही शब्द सुचतो का?

मुद्रितशोधक :
संथ निस्तेज कधीपासून झाला? पाणी संथ दिसलं की ते खोल असणार असंच आपण धरून चालतो. हा शब्द नासवला बातम्यांनी. ‘संथ कारभार’, ‘कामाची गती संथ’ हे वर्षानुवर्षं वाचून तुमच्या संपादकांचा कान तसा झाला असेल.

इंग्रजीतल्या ‘स्लो’ची पत तरी कुठे चांगली होती? वर्गात मागे पडणाऱ्या मुलाला ‘स्लो’ म्हणत. १९८६ साली रोममध्ये स्पॅनिश पायऱ्यांजवळ मॅकडोनाल्ड्स येणार म्हणून इटालियन पत्रकार कार्लो पेत्रीनी आणि त्यांच्या सोबत्यांनी विरोध केला. त्यातून स्लो फूड चळवळ उभी राहिली, १९८९ मध्ये पॅरिसला तिचा जाहीरनामा झाला आणि बोधचिन्ह म्हणून त्यांनी गोगलगाय घेतली. हिणवण्याचा शब्द त्यांनी मानाने मिरवला आणि तो सावरला. तुम्हीही ‘संथ’ सोडू नका.

पायवाट :
गोगलगाय मराठीत आणताना मात्र जपून. आपल्याकडे गोगलगाय म्हटलं की ‘पोटात पाय’ पाठोपाठ येतोच आणि वाचकाला कपटी माणूस आठवतो.

उंबरठा :
सगळ्यांच्या तोंडी असलेला शब्द सोडून का फिरताय? ‘फुरसतीचं जगणं’ म्हणा. माझी आजी दुपारी भरतकाम घेऊन बसायची तेव्हा ‘आता मला फुरसत झाली’ म्हणायची आणि त्यानंतरचे दोन तास तिचे हात क्षणभरही थांबलेले मी पाहिले नाहीत. फुरसत म्हणजे काम नसणं, असं तिच्या तोंडी कधीच नव्हतं. आपल्या मनाचं काम करायला मिळणं, ही तिची फुरसत.

धातुपाठ :
आजींबद्दल पूर्ण आदर आहे, पण फुरसत अरबीतून फारसीवाटे आलेला शब्द. घरात भरलेली कोठी असताना बाहेर हात पसरायची काय गरज? ‘सावकाश’ घ्या. स + अवकाश. ज्याच्यापाशी अवकाश आहे ते सावकाश. आज आपण त्याचा अर्थ फक्त ‘हळू’ असा करतो, पण जुन्या पत्रांत ‘सावकाश उत्तर पाठवावे’ असं लिहीत तेव्हा ‘जमेल तेव्हा, सवडीने’ हाच अर्थ असे. वेगाचा त्यात संबंध नव्हता. बाकी सगळे शब्द वेग मोजतात, हा एकटा जागा मोजतो.

उंबरठा :
‘सावकाश’ सुंदरच आहे, त्याला माझी हरकत नाही. पण तुमच्याच चार ओळींत ‘फक्त’ आणि ‘बाकी’ आले आहेत. दोन्ही अरबी. ते चालतात आणि माझी फुरसत चालत नाही, हे कोणत्या न्यायाने? आणि ‘दमानं घे’चं काय करणार? हा दम म्हणजे श्वास, फारसी. ‘दमानं घे’ म्हणजे श्वास घेत घेत कर. स्लो लिव्हिंगचं इतकं नेमकं मराठी भाषांतर मला तरी दुसरं दिसत नाही.

धातुपाठ :
‘दम’ संस्कृतातही आहे. शम-दम मधला. इंद्रियांवर ताबा. ‘दम धर’ मध्ये तोच असू शकतो.

उंबरठा :
मग ‘दम लागला’ आणि ‘दम कोंडला’ मध्ये कुणाचा ताबा सुटला? तिथे श्वासच आहे. आणि ‘उसंत’ बघा. मला तर उसंत आणि उसासा एकाच घरातले वाटतात, दोन्हींत श्वास सोडणं आहे.

धातुपाठ :
वाटण्यावर व्युत्पत्ती ठरत नाही. उसाशाचं मूळ उच्छ्वासात दिसतं. उसंतीला त्याच दावणीला बांधायला पुरावा हवा.

षड्ज :
मी गाणं शिकते, म्हणून एक वेगळा शब्द मांडते. विलंबित. व्यवहारात ‘विलंब’ हा दोष आहे, विलंब शुल्क भरावं लागतं. गाण्यात मात्र विलंबित ही लय आहे आणि ती पेलायला द्रुतपेक्षा अवघड. शिकणाऱ्याची पहिली फजिती तिथेच होते. दोन मात्रांमधलं अंतर वाढलं की ते भरायची घाई होते, मग भराभर ताना येतात आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायच्या आधीच दम संपतो. माझ्या बाई एकच सूर धरून ठेवायला लावतात. सुरुवातीला अंगावर यायचं. आता त्या एका स्वरातच इतक्या बारीक जागा ऐकू येतात की पुढच्या स्वराकडे जायची घाई राहत नाही.

लंब म्हणजे लोंबणारं. विलंब म्हणजे लोंबत राहणं. शब्द एकच, पण कार्यालयाच्या दारात तो दोष झाला आणि बैठकीत गुण. संथचंही तसंच झालं असावं.

कोरा कागद :
षड्ज, हे माझ्या लेखाच्या अगदी जवळचं आहे. त्यातही तेच म्हटलंय, की वेग कमी केल्याने तपशील दिसायला लागतो. पण ‘विलंबित जगणं’ म्हटलं तर वाचक रेल्वेची घोषणा समजेल.

धातुपाठ, ‘सावकाश’ मलाही मोहात पाडतोय. अडचण व्याकरणाची आहे. ‘सावकाश जगणं’ चालेल, कारण जगण्यात क्रियापद आहे. पण लेखात ‘स्लो सिटी’ येतं (इटलीत १९९९ मध्ये सुरू झालेली चित्तास्लो ही शहरांची संघटना), ‘स्लो मीडिया’ येतं. ‘सावकाश शहर’ कसं म्हणू? ते क्रियाविशेषण म्हणूनच कानाला बसलंय.

मुद्रितशोधक :
म्हणून पाहा. चार वेळा म्हटलं की बसतं.

अवकाशावरून आठवलं. मी छापखान्यात कामाला लागलो तेव्हा खिळे हाताने जुळवत. जुळारी एकेक अक्षर खणातून उचलून काठीत लावायचा, उलटं, आरशात दिसावं तसं. गॅली, म्हणजे तपासायला काढलेली कच्ची छपाई, निघून लेखकाकडे जायची आणि परत यायला दिवस लागायचे. त्या दिवसांत लेखकाचं मन त्या मजकुरावरून कितीदा फिरून यायचं! गॅली परत यायची तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका लेखकाने पाहिलेल्याच नसायच्या, पण एखादं अख्खं वाक्य काढून समासात नवीन लिहिलेलं असायचं आणि ते बहुतेक वेळा आधीपेक्षा चांगलं असायचं. एका लेखकाने शेवटचा परिच्छेदच उडवला होता, नुसता लाल काट. लेख तिथेच संपायला हवा होता हे मला तो काट पाहून कळलं.

आता तोच मजकूर तिघेजण एकाच वेळी पडद्यावर दुरुस्त करतात. चुका कमी राहतात, हे मान्य. पण तो शेवटचा परिच्छेद काढायचं कुणाला सुचत नाही. मधला अवकाशच उरला नाही. म्हणून मला धातुपाठ यांचं ‘सावकाश’ आता ‘संथ’पेक्षा जास्त पटायला लागलंय.

पायवाट :
मी ॲपचे पडदे आखतो, त्यामुळे हा अवकाश कसा गेला ते आतून पाहिलंय. आधी पान संपायचं. पुढे जायला बटण दाबावं लागायचं आणि दाबण्यापूर्वी हात जरा थांबायचा. अझा रास्किन या संगणकाचे पडदे आखणाऱ्यांनी २००६ मध्ये न संपणारं स्क्रोल बनवलं आणि तो थांबा गेला. त्यांनी पुढे जाहीरपणे त्याबद्दल खेद व्यक्त केला. कल्पना वाईट हेतूची नव्हती, माणसाचे कष्ट वाचावेत एवढंच होतं. कामावर आजही आम्ही ‘अडथळा काढा’ हेच ऐकतो. वाचणाऱ्याला विचार करायला मिळणारी जागा हाही आमच्या भाषेत अडथळाच. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच सांगितलं होतं की माहिती सुकाळली की लक्षाचा दुष्काळ पडतो, कारण माहिती लक्षच खाते. तेव्हा कुणाच्या खिशात फोनही नव्हता.

कोरा कागद :
वा. ‘लक्षाचा दुष्काळ’ मी उचलणार. माझ्या मसुद्यात पुढचं वाक्य असं आहे : ‘सृजनशीलतेला रिकामा वेळ लागतो.’ इथे ‘रिकामा’ टाळावा का? रिकामटेकडा, रिकामे उद्योग, रिकामा वेळ, सगळीकडे नालस्तीच दिसते.

धातुपाठ :
त्याआधी ‘सृजनशीलता’ टाळा. सृज् धातूला ल्युट् (नाम बनवणारा ‘अन’) प्रत्यय लागला की गुण होऊन, म्हणजे ‘ऋ’चा ‘अर्’ होऊन, ‘सर्जन’ होतं. विसर्जन म्हणतो, विसृजन म्हणत नाही. सृजन हिंदीतून आलंय. ‘सर्जनशीलता’ लिहा.

उंबरठा :
‘सर्जन’ म्हटलं की निम्म्या वाचकांना शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर दिसतो. म्हणूनच लोक सृजनकडे वळले. भाषेने स्वतःच गोंधळ टाळला तर व्याकरणाने रुसायचं कारण काय?

धातुपाठ :
इंग्रजी शब्दाशी उच्चार जुळतो म्हणून आपला शुद्ध शब्द टाकायचा? मग उद्या काय काय टाकाल? मी रुसलेलो नाही. मुलं ‘सृजन’ वाचून वाढली की त्यांना विसर्जन आणि सर्जन एकाच धातूचे आहेत हे कळायचा रस्ताच बंद होतो. हे नुकसान मला खरंच मोठं वाटतं.

षड्ज :
दोन्ही बाजूला ठेवा. ‘सुचणं’ का नको? वर पहिल्याच प्रतिसादात कोरा कागद यांनी ‘सुचणं आटतं’ लिहिलंय. ते कुणालाही शब्दकोश न उघडता कळलं.

कोरा कागद :
सुचणं हा त्यातला एक टप्पा झाला. लेखात इंग्रज विचारवंत ग्रॅहम वॉलस यांनी सुचण्याचे १९२६ मध्ये मांडलेले चार टप्पे आहेत : तयारी, मग इनक्युबेशन, मग प्रकाश पडणं, मग पडताळणी. सुचणं तिसऱ्यात येतं. दुसऱ्याला मी ‘उबवण’ लिहिलंय.

पायवाट :
उबवण नको. अंड्यावर कोंबडी बसून असते, इथे तर माणसाने विषय सोडून दिलेला असतो. फ्रेंच गणिती आन्री प्वांकारे यांचा किस्सा प्रसिद्ध आहे. गणितात अडकले होते, सहलीला निघाले, गणित विसरले आणि घोडागाडीच्या पायरीवर पाऊल ठेवताना उत्तर मिळालं. १९०८ च्या व्याख्यानात त्यांनीच हे सांगितलंय. ‘मुरणं’ म्हणा. भिजपाऊस जमिनीत मुरतो, धो धो आलेलं पाणी वाहून जातं.

मुद्रितशोधक :
मुरणं! उत्तम. ‘कुठेतरी पाणी मुरतंय’ या वाक्प्रचाराने संशयाची छटा आणली आहे, पण ‘मुरलेला लेखक’ म्हणताना ती नसते. घ्याच.

उंबरठा :
कोरा कागद, ‘रिकामा वेळ’ मध्ये मला ‘रिकामा’पेक्षा ‘वेळ’ महत्त्वाचा वाटतो. मराठीत तो वेळ आणि ती वेळ वेगळे. ‘खूप वेळ झाला’ म्हणजे कालावधी. ‘निघायची वेळ झाली’ म्हणजे घटका. वेळ गेला तर तो खर्च झाला, वेळ गेली तर संधी हुकली. फोन दिवसभर ‘ती’ वेळ सांगत असतो : आता उत्तर द्यायची, आता बघायची, आता उठायची. आणि त्यात ‘तो’ वेळ हातचा जातो. तुमच्या लेखात सगळी चर्चा त्या पुल्लिंगी वेळाची आहे. इतका सरळ भेद भाषेने हातात दिलाय, तो वापरा.

धातुपाठ :
हे निरीक्षण चांगलं आहे, पण इतकं सरळ नाही. ‘दिलेल्या वेळेत काम पूर्ण करा’ यात कालावधीच आहे, रूप मात्र स्त्रीलिंगी.

उंबरठा :
तिथे मुदत अभिप्रेत आहे. मुदत म्हणजे शेवटची घटका. ‘थोड्या वेळात येतो’ बघा, ‘थोड्या वेळेत येतो’ कुणी म्हणत नाही.

धातुपाठ :
आणि ‘कामाच्या वेळात फोन करू नका’ की ‘कामाच्या वेळेत’? मी दोन्ही ऐकलंय, एकाच माणसाच्या तोंडून.

षड्ज :
आमच्या घरी ‘कामाच्या वेळात’. ‘वेळेत’ म्हटलं तर उशीर न होता, असं वाटतं.

कोरा कागद :
मंडळी, अनुवाद द्यायची मुदत जवळ आली आहे. संथ की सावकाश, तेवढं सांगा. संपादक अजून ‘निवांत’वर ठाम आहेत.

मुद्रितशोधक :
‘वेळेत’ आणि ‘वेळात’ दोन्ही मी छापलंय आणि दोन्हीकडे लेखकाने आग्रहाने तसंच ठेवायला सांगितलं होतं. ‘कामाच्या वेळेत’ लिहिणाऱ्यांच्या मनात दहा ते पाच असे ठरलेले तास असतात, तास ठरले की ती वेळ होते. धातुपाठ, याला तुमच्याकडे उलटं उदाहरण आहे का? ठरलेले तास आणि तरीही पुल्लिंगी?